आधी नाव, मग बाप, मग पाडा

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्यातल्या कंपनीने वर्षानुवर्षं सांगितलं की आपण सगळे एक कुटुंब आहोत, आणि यंदाच्या पावसाळ्यात मला कुटुंबातून कमी केलं. नवरा त्याच्या पुष्कळ आधी सुटला होता. त्याला मी कमी केलं होतं, एवढाच फरक. त्यामुळे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी तळोद्यात भाड्याची खोली घ्यायला कोणाला विचारावं लागलं नाही. भाऊ शहाद्याहून फोनवर म्हणाला, तळोद्यात काय आहे? मी म्हटलं, पगार.

काम असं. इथल्या एका संस्थेच्या दवाखान्यात पेशंटची नोंद करणारा एक प्रोग्राम आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये, धुळ्याच्या कोणा मुलाने लिहिलेला. तो मुलगा आता कॅनडात घरं विकतो. प्रोग्राम मात्र इथेच आहे, राखाडी रंगाचा, विंडोज एक्सपीच्या डबड्यावर. डबड्याचं झाकण उघडलं तर आत उंदरीण बाळंत झालेली. हे सगळं उचलून डॉटनेटमध्ये लिहायचं आणि ब्राउझरवर चालवायचं.

सचिव ललितभाऊ भेटले. वडिलांनी दवाखाना काढला, चिरंजीव त्याचं 'ट्रान्स्फॉर्मेशन' करतायत. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी नवीन सुरू. ज्याला जमणार नाही तो औषधांच्या गोदामात खोकी लावेल. कोणाला जमतं आणि कोणाला नाही, ते मी लेखी द्यायचं. म्हणजे प्रोग्राम लिहायचा आणि माणसंही छाटायची. पगारात एकच धरलंय.

नोंदणीच्या खिडकीवर हेमकांतभाऊ आहेत. पंचावन्नच्या आसपास, कडक इस्त्री, तपकिरी काचांचा चष्मा. माझ्या डाव्या खांद्याकडे बघून म्हणाले, नवीन प्रोग्रामवाल्या मॅडम का तुम्ही? मी खांद्यावर काही सांडलंय का ते पाहिलं. काही नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खिडकीमागे स्टूल टाकून बसले. जुन्या प्रोग्रामवर काम कसं चालतं ते आधी बघायचं असतं. पुण्यात याला मोठं इंग्रजी नाव होतं आणि त्याचे वेगळे पैसे लावायचो.

रांग बघण्यासारखी. सातपुड्यातून जीपने उतरलेली माणसं, काही टपावर बसून आलेली, पण खिडकीशी आली की कोणी विचारायच्या आत घडाघडा सुरू: आधी नाव, मग बापाचं नाव, मग पाडा, गाव, वय, दुखतं काय आणि असलाच तर मोबाईल. शाळेत कविता म्हणावी तसं. कागद पुढे सरकवत नाहीत, थेट हेमकांतभाऊंच्या हातात देतात. पासपोर्ट ऑफिसात इतकी शिस्त मी पाहिली नाही.

आणि हेमकांतभाऊ? मान वर करायची नाही. समोर माणूस उभा आहे की खांब, सारखंच. बोटं चालू, एंटर, एंटर, शेवटी मशीन 'टुक' करतं की पुढचा. मात्र एक बाई नुसती खोकली, तर हे म्हणाले, तू खापर गावची ना, पोरगी बरी आहे का? बाई खूश. आवाजावरून ओळखण्याचा फार गर्व आहे गड्याला. पेशंटांशी भिलीत, माझ्याशी अहिराणीत आणि ललितभाऊंशी शाळेच्या मराठीत बोलतात. माऊसवर रुमाल झाकून ठेवलाय. काढला तर म्हणाले, "तो मन्हा कामना नही." त्यांच्या कामाचा नाही म्हणे.

आलं लक्षात. हे ते 'आम्ही इतकी वर्षं असंच करतो' वाले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी फाटकाशी एक दृश्य. हेमकांतभाऊ आणि त्यांची बायको चेतनावहिनी, हातात हात, रमतगमत येतायत. तळोद्यात! जिथे नवरा-बायको बाजाराला निघाली तरी तो पुढे आणि ती वाणसामानासारखी मागे. पायरीशी ती थांबते, हे थांबतात. ती चढते, हे चढतात. खिडकीपर्यंत सोडून, डबा उजव्या हाताला ठेवून ती जाते. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत न्यायला हजर.

माझ्या संसारात माझा हात धरला गेला तो लग्नाच्या अल्बममध्ये, आणि तोही फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. तेव्हा माझं मत जमेला धरू नये. पण या वयात इतकं प्रेम चारचौघांत मिरवणं बरं दिसत नाही.

बघत मात्र राहिले, ते नोंदवून ठेवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुना डेटा जुन्या मराठी फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये आणला तर दवाखान्यातल्या सगळ्या फुलीबाई 'ङ्गुलीबाई' झाल्या. आमच्याकडे फुलीबाई नावाची आयाबाई आहे, डोंगरातलीच, दवाखान्यात सगळ्यांत जुनी. तिला स्क्रीनवर दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण म्हणाली, हे मी नाही. बरोबर होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवीन प्रोग्रामचा पडदा हेमकांतभाऊंना दाखवला. निळा-पांढरा, गोल कोपऱ्यांची बटणं, गावं निवडायला खाली उघडणारी यादी. मला स्वतःला आवडला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "एंटर मारं का कथं जास?"

मी सांगितलं, एंटर नाही, इथे क्लिक करायचं. ते म्हणाले, ते ठीक, पण एंटर मारल्यावर कुठे जातं? मी पुन्हा क्लिक सांगितलं. त्यांनी पुन्हा एंटर विचारलं. असं आम्ही चहा येईपर्यंत खेळलो. मग म्हणाले, टुक का नाही करत? मी म्हटलं, आवाज काढून टाकला, डोकं उठतं त्याने. जरा वेळाने टेबलावरचं ललितभाऊंचं परिपत्रक माझ्यापुढे करून म्हणाले, वाचून दाखवा ना, तुमचं वाचणं चांगलं आहे.

दहावी झालेला माणूस, आणि परिपत्रक वाचायला मी. नवाबी थाट नुसता.

अहवालाचा कच्चा मसुदा केला: 'नवीन तंत्रज्ञान स्वीकारण्याची मानसिकता नाही.' वाक्य पुण्याचंच आहे, माझ्याबद्दलही कोणीतरी लिहिलं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

नवीन मशीन बसवायला खिडकीची खोली हलवली. टेबल भिंतीकडे, स्टूल दाराजवळ. हेमकांतभाऊ आले, चेतनावहिनींचा हात सोडून रुबाबात आत शिरले आणि स्टुलावरून थेट फरशीवर. गुडघा फुटला, चष्म्याची काडी मोडली. एवढं मोठं स्टूल, निळं! मी म्हटलं, बघून तरी चालायचं.

फुलीबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोराला मारलं असतं तरी तिने इतकं वाईट पाहिलं नसतं. मग तिने एकटीने टेबल, खुर्ची, स्टूल सगळं होतं तिथे नेऊन ठेवलं. फरशीवरच्या जुन्या खुणांवर पाय बरोबर बसवून.

३ डिसेंबर, बुधवार

आज मला चहा बिनसाखरेचा आला. बाकीच्यांना गोड होता, विचारून खात्री केली.

१० डिसेंबर, बुधवार

अर्धा तालुका सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, म्हणून रांग छोटी, म्हणून चाचणीला आजचा दिवस धरला. हेमकांतभाऊंनी नाही म्हटलं, तेव्हा खिडकीवर मी बसले.

नवीन पडद्यावर पहिला रकाना मोबाईल नंबरचा. ललितभाऊंचा तसा हुकूम आहे. देणगी देणाऱ्या कंपनीला प्रत्येक पेशंट नंबरने मोजायचाय. पहिली बाई आली आणि सुरू झाली: नाव, बाप, पाडा. मी म्हटलं, थांब, आधी मोबाईल. ती गोंधळली, पुन्हा पहिल्यापासून: नाव, बाप, पाडा. मधूनच तोडलं की त्यांना पुढचं आठवेना. दुसरा तसाच. तिसरा म्हातारा, जान्या नावाचा, अक्कलकुव्याच्याही वरच्या पाड्यावरचा. त्याला मोबाईल विचारला तर म्हणाला, मोबाईल पोराबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला. माझा नवीन प्रोग्राम म्हणे रकाना भरा. लाल अक्षरं दाखवू लागला. म्हातारा लाल अक्षरांना भिऊन रांग सोडून निघाला, फुलीबाईने धरून आणला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे लोक जुन्या पडद्यावरच्या रकान्यांच्या क्रमाने बोलतात. तो पडदा त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. धुळ्याच्या पोराने प्रोग्राम एक्सपीच्या डबड्यावर बसवला असं मी समजत होते. तो बसलाय रांगेवर. डबडं बदलता येतं. सातपुडा कसा बदलायचा?

एक कळत नाही. त्यांना हे शिकवलं कोणी, आणि कशासाठी? दुसरीकडे कारकून विचारतो, माणूस सांगतो. इतका साधा धंदा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी झाडू मारताना मॉनिटरची वायर निघाली असावी. मी गेले तेव्हा जुनं मशीन चालू होतं आणि पडदा काळा. ठार काळा, त्यात खिडकीचे गज दिसत होते. हेमकांतभाऊ त्या काळ्या पडद्यासमोर बसून एका पेशंटची नोंद करत होते. नाव, एंटर. बाप, एंटर. टुक. पुढचा. मधे एका बाईने वय सांगितलं नाही तर त्यांनी विचारून घेतलं, तिच्या तान्ह्या पोराचा आवाज ऐकून हसले, त्याची चौकशी केली, एंटर.

मी दारात उभी राहिले. चिडायचं होतं, ते काही होईना. डावा खांदा, रुमालाखालचा माऊस, निळं स्टूल, परिपत्रक, हातात हात. सगळं एकदम अंगावर आलं. मी, जिला लोकांच्या चपलेवरून त्यांचा पगार कळतो.

रांग संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "हेमकांतभाऊ, स्क्रीन बंद आहे."

कीबोर्डवरचे हात तसेच राहिले. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"माहीत नाही."

"मलाही नाही."

माझ्याशी पहिल्यांदाच शाळेच्या मराठीत बोलले. ललितभाऊंशी बोलतात तसे.

आधी कडेचं दिसणं गेलं, म्हणाले. रात्रीचं गेलं. मग मधलं जायला लागलं. सुरतेला दाखवलं, नाशिकला दाखवलं, यावर औषध नाही. मग दोन बोटांची सुरळी करून डोळ्याला लावली आणि आपल्या बोलीवर आले, "इतलंसं दिसस." ते 'इतलंसं' आता सकाळचं ऊन चांगलं असेल तेव्हाच. दवाखान्यात एवढी वर्षं झाली, एका माणसाला पत्ता नाही, असं जरा अभिमानानेच सांगितलं. फक्त चेतनावहिनींना माहीत.

मी विचारलं, अहवालात काय लिहू?

ते म्हणाले, तुम्हाला पटेल ते लिहा, मी हात जोडणार नाही. एवढंच, की रांगेला कळू देऊ नका. ज्याला दिसत नाही त्याच्या हाताने स्वतःचं नाव लिहून घ्यायला कोणाला आवडेल? माणसं खिडकी सोडून जातील. गोदामाचं काही नाही, पण ते नको.

वायर मी परत लावली. का लावली, कोणास ठाऊक.

१३ डिसेंबर, शनिवार

फुलीबाईला गाठलं. म्हटलं, हेमकांतभाऊंच्या डोळ्यांचं...

ती म्हणाली, "आता दिसलं का तुला?"

सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे तळोद्यापासून धडगावच्या वरपर्यंत. काही वर्षांपूर्वी तिनेच पाहिलं की ते कागद डोळ्याला चिकटवून वाचतात, चिडतात, रांग अडते. एकदा एका बाईला भलत्याच खोलीत पाठवलं आणि मग खिडकीमागे भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. तेव्हापासून ती जिथे जीप थांबतात तिथे जाऊन सांगायला लागली: खिडकीशी गेल्यावर गप्प उभं राहायचं नाही. आपलं नाव आपण सांगायचं, आणि तो विचारायचा त्याच क्रमाने. जीपवाल्यांनी ते पाड्यापाड्यांवर नेलं. आता तर पोरं खेळतात तसं, म्हणे. एक खिडकी होतो, बाकीचे रांग.

का केलं एवढं? मी विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या खिडकीवर आमच्या बोलीत कोण विचारतं, पोरगी बरी आहे का?

आणि एक तंबी दिली. "त्याला नको सांगू बाई. त्याला वाटतं, कोणाला माहीत नाही."

म्हणजे ते रांगेला कळू नये म्हणून जपतायत आणि रांग त्यांना कळू नये म्हणून. मधे मी, दोन्हीकडचं ऐकून घेतलेली. आजवर पोटात काही ठेवायची सवय नाही मला. नवरा सुटला तो त्यामुळेच.

१६ डिसेंबर, मंगळवार

मन खात होतं म्हणून लिहिते. गहिवरून जाणं सोपं आहे, पण हा दवाखाना आहे. एका म्हाताऱ्याचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर? रांग कितीही प्रेमळ असो, बोट चुकतं. डोळे असलेल्याचंही चुकतं, पण तो निदान बघू शकतो. 'प्रशिक्षण पूर्ण' लिहून मोकळी झाले आणि उद्या कोणाचं काही झालं, तर चेतनावहिनींचा हात आठवून मला झोप लागेल का?

नोंद बघता येत नसेल तर ऐकता आली पाहिजे. मशीनने नाव, बाप, पाडा, गाव मोठ्याने वाचून दाखवायचं. दुखणं नाही, ते ज्याचं त्याच्यापाशी. समोरच्याला स्वतःचं नाव चुकलेलं लगेच कळेल. आज कोणालाच कळत नाही. पडदा आपल्याकडे असतो, पेशंटकडे मॉनिटरची पाठ.

वीस-पंचवीस वर्षं पडदे बनवतेय. पाठीच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

२२ डिसेंबर, सोमवार

ललितभाऊंकडे गेले. मोबाईलचा रकाना शेवटी न्या म्हटलं. नाही. देणगीदार, डॅशबोर्ड, वगैरे. मोबाईल नसलेल्याला शून्य दाबून पुढे जाऊ द्या, एवढं तरी? त्याला हो म्हणाले, नाइलाज झाल्यासारखे.

आवाजाचं मात्र ऐकताच खुर्चीत पुढे सरकले. बोलणारं सॉफ्टवेअर! जिल्ह्यात कोणाकडे नाही! मी चेहरा सरळ ठेवून म्हटलं, शिवाय सगळं कीबोर्डवर ठेवते, माऊसला हातही लागणार नाही, जगात आता तेच चाललंय. ते म्हणाले, एक्झॅक्टली. मग पेन्सिल फिरवत म्हणाले, खिडकीवरच्या माणसाची टेस्ट मी स्वतः घेणार. शेजारी बसून.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी डोळ्यांवर ओढणी बांधून स्वतःचा प्रोग्राम चालवला. मी माझ्या गावाच्या रकान्यात जाऊन पडले आणि वयात माझं आडनाव गेलं. लाल अक्षरांत काय म्हणत होता कोणास ठाऊक. ओढणी सोडली आणि सगळी गोल कोपऱ्यांची बटणं काढून टाकली. एंटर मारलं की पुढचा रकाना. जतन झालं की टुक. चुकलं की जाड, घोगरा आवाज. तो हेमकांतभाऊंनी निवडला; म्हणाले, म्हशीसारखा पाहिजे, म्हशीला माणूस वाट देतो.

मशीनमधली बोलणारी बाई आज पहिल्यांदा बोलली. बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज, जान्याचं नाव असं घेतलं की जणू त्याला पुरस्कार मिळतोय. हेमकांतभाऊ दचकले, मग विचारलं, "हाई पुनावाली कोन शे?" तेव्हापासून तिचं नाव पुनावाली.

माझ्याशी भांडतात फार. ती भरभर बोलते, सावकाश कर. टुक उशिरा येतो. गाव लिहिताना दोन अक्षरांत ओळखायला पाहिजे, जुना ओळखायचा. काही बरोबर असतं, काही निव्वळ हेकटपणा. मी दोन्हीला नाही म्हणते आणि घरी जाऊन दोन्ही करते.

चेतनावहिनी न्यायला आल्या की आता जरा बसतात. आज म्हणाल्या, घरी उशी मांडीवर घेऊन तिच्यावर बोटं चालवत असतात. मोबाईल, नाव, बाप.

२१ जानेवारी, बुधवार

हेमकांतभाऊंना नवीन प्रोग्राम जमलाय. माझ्यापेक्षा वेगाने जमलंय, हे त्यांना सांगितलेलं नाही, आधीच पुष्कळ चढलेत.

अडतंय ते रांगेपाशी. आज खरी माणसं घेऊन त्यांना नव्या मशीनवर बसवलं. हे मोबाईलच्या रकान्यात, समोरचा नावापासून सुरू. हे थांबवतात, तो विसरतो, मग हे चेहरा वाचता येत नाही म्हणून आणखी बावरतात. म्हैस ओरडतच होती. शेवटी रुमालाने मान पुसत म्हणाले, चेतनाला आज लवकर बोलवा.

ललितभाऊ शेजारी बसून हे बघतील तर त्यांना काही सांगायलाच लागणार नाही.

फुलीबाईपुढे सगळा राग काढला. म्हटलं, एक रकाना! एका कंपनीच्या डॅशबोर्डसाठी एक रकाना वर घेतला आणि सगळं मोडलं. ती भांडी विसळत होती. रकाना म्हणजे काय विचारलं तिने. सांगितलं. आधी काय आणि मग काय, ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, हं.

३० जानेवारी, शुक्रवार

अहवाल लिहायला घेतला आणि ठेवला. 'दृष्टी नाही, काम बिनचूक' असं लिहिलं तर ललितभाऊ पहिले दोन शब्द वाचतील. काहीच नाही लिहिलं तर सोमवारी ते स्वतःच बघतील. हेमकांतभाऊंना विचारलं, सोमवारी रजा घेता का? मी काहीतरी सांगेन.

ते म्हणाले, सोमवारी रजा घेतली तर मंगळवारी पण घ्यावी लागेल.

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, कारण उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

सकाळी फाटकाबाहेर जीपच जीप. सोमवारी गर्दी असते, पण एवढी नाही. काही चेहरे धडधाकट दिसत होते. एकाला मी विचारलं, काय होतंय? त्याने विचार करून सांगितलं, कंबर.

ललितभाऊ आले, नवीन शर्ट, हेमकांतभाऊंच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसले. मी मागे.

पहिली बाई खिडकीशी आली. हेमकांतभाऊंनी घसा खाकरला, पण त्यांनी काही विचारायच्या आत तिने आकडे म्हणायला सुरुवात केली. एकेक, सुटा, मोबाईलचे. मग नाव. मग बाप. पाडा, गाव, वय, दुखणं. एंटर, एंटर, टुक. पुनावालीने नाव वाचलं, बाई पदराआड हसली आणि म्हणाली, हो, मीच. दुसरा आला. आकडे, नाव, बाप. तिसरी. चौथा. कोणी चुकेना. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. फुलीबाई फरशी पुसत होती, जी तिने नुकतीच पुसली होती.

मग जान्या. काठी टेकत आला, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला,

"मोबाईल नाय. जान्या. बाप आमशा. वरला पाडा."

हेमकांतभाऊंनी शून्य दाबलं. म्हैस ओरडली नाही. त्यांनी पुढचं लिहिलं, आणि मग मला दिसलं की ते हसतायत, आणि तपकिरी काचेखालून पाणी येतंय. पुसायला हात मोकळा नव्हता.

ललितभाऊ बराच वेळ बसले. एकदा त्यांनी खिशातून फोन काढून हेमकांतभाऊंच्या तोंडासमोरून सावकाश इकडून तिकडे नेला. हेमकांतभाऊ लिहीत राहिले. ललितभाऊंनी फोन खिशात घातला. पुढच्या बाईचं पोर रडत होतं, त्याच्याकडे बघत बसले.

उठताना मला म्हणाले, रांगेचं ट्रेनिंग चांगलं दिलंय तुम्ही. मी म्हटलं, हो. अहवाल मागितला. मी तिथेच उभ्याने लिहून दिला: खिडकीवर हेमकांतभाऊच असावेत. त्यांनी सही केली. दारातून परत वळून म्हणाले, फाटकापासून खिडकीपर्यंत लोखंडी कठडा लावून घ्या. पेशंटसाठी. माझ्याकडे न बघता म्हणाले.

संध्याकाळी चेतनावहिनी आल्या. हेमकांतभाऊ नुसते उजळलेले. त्यांचा हात धरून उठले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "कोनले समजनं नही, मॅडम."

आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं बोलून मी सगळी माणसं दूर केली. त्या सगळ्या खऱ्याच्या बदल्यात आज एक खोटं बोलले. "नाही समजलं," मी म्हटलं. चेतनावहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा पिशवीत घातला.

फाटकाशी जीपची वाट बघत माणसं बसलेली होती. ही दोघं जवळून जायला लागली तशी एकेकाने आपलं नाव घेतलं, राम राम घालावा तसं, हळू. हेमकांतभाऊ प्रत्येकाला काहीतरी विचारत गेले. पोरगी, बैल, कंबर. मी पुढे जाऊन फाटक उघडून धरलं होतं. ते माझ्यासमोर आले आणि माझ्या तोंडूनही माझं नाव कसं निघालं कोणास ठाऊक.

"सीमा."

ते थांबले. मान जराशी माझ्याकडे, या वेळी बरोबर माझ्याकडे वळली.

"माहीत शे," ते म्हणाले.

काय माहीत आहे, ते मी विचारलं नाही.